डोकी मोजायची न्हाईत

दिवाळीची सुट्टी संपून कोपरवाडीची शाळा उघडली त्या दिवशी तिसरी-चौथीच्या वर्गात अडतीस पोरं हजर होती. पंचशीलाने हजेरी घेऊन झाल्यावर सहज डोकी मोजली, ती तेवीस भरली.

तिने पुन्हा मोजली. बोट दाखवून, ओळीने. तेवीसच. मग तिने हजेरीपट उघडून पहिल्यापासून नावं घ्यायला सुरुवात केली आणि या वेळी मान वर ठेवली. एका नावाला खिडकीकडून ‘हजर’ आलं, पुढच्याला दाराकडून, आणि दोन्ही एकाच गळ्यातले. नरसिंग नावाचं चौथीतलं थोराड पोरगं पोरींच्या नावालाही बारीक आवाज काढून ओ देत होतं.

“नरसिंग, ऊठ. कितीजणांची हजेरी दिलीस?”

“चौघांची, बाई.” तो उठला, पण लाजला वगैरे मुळीच नाही. मंद माणसाला समजावून सांगावं तसं म्हणाला, “तळ्यावर आसंच आसतंय. नाव पुकारलं की कुनीतरी हजर म्हनायचं. न्हाई म्हनलं की मुकादम नाव कापतंय.”

वर्ग हसला. पंचशीलाने टेबलावर पट्टी आपटली, ती पट्टी मोडली, आणि वर्ग आणखी जोराने हसला.

तळं म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला रोजगार हमीवर चाललेलं पाझर तलावाचं काम. खरीप जळालं होतं, रब्बीची पेर झालीच नव्हती. सगळं गाव तळ्यावर माती ओढायला जात होतं, आणि सुट्टीचे एकवीस दिवस पोरंही आईबापांच्या मागे घमेली उचलत होती. आता ती शाळेत आली होती ती मजूर होऊन. हाताला भेगा, बोटात पेन्सिल टिकेना. कुणी कमरेला घमेल्याखालची चुंबळ खोचून आलेला. दहा वाजले की विचारायची, “बाई, भाकरीची सुट्टी कवा?” फळ्याकडे पाठ करावी तर मागे मुकादमाच्या शिव्या जशाच्या तशा सुरू. दुपारी निम्मी भिंतीला टेकून झोपायची. उरलेली झोपलेल्यांच्या नाकात काड्या घालायची.

पंचशीला एकोणीस वर्षांची. लातूरच्या अध्यापक विद्यालयात डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तीन आठवड्यांच्या छात्रसेवाकालासाठी, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवायच्या सरावासाठी, तिने आपलंच गाव मागून घेतलं, कारण माय घरी पाय मोडून पडली होती. शेवटच्या शुक्रवारी विद्यालयाचे अण्णाराव सर पाठ बघायला येणार होते. त्यांच्या कागदावर वर्गनियंत्रणाला दहा गुण, आणि तिथे जो घसरला तो वर्षाला मुकला हे सगळ्या विद्यालयाला ठाऊक होतं. दुसऱ्यांदा बसणाऱ्याला शिष्यवृत्ती नव्हती. म्हणजे पंचशीलाला दुसऱ्यांदा बसणं नव्हतं. जिल्हा नवा झालेला, चार वर्षं झाली तरी शाळेच्या पाटीवर ‘लातूर’च्या रंगाखालून ‘उस्मानाबाद’ दिसत होतं, आणि नव्या जिल्ह्यात मास्तरांची भरती निघणार अशी हवा होती. तिचा बाप लिंबाजी मरायच्या आधी तेवढंच बोलत असे, की पोरगी खुर्चीवर बसलेली बघायची. त्याला बघायला मिळालं नाही. बौद्धवाड्यातल्या बाकीच्यांना मिळेल अशी त्यांची आशा होती, आणि ती सगळी एकट्या पंचशीलाच्या डोक्यावर होती.

मधल्या सुट्टीत ती हजेरीपट घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली. सिद्रामप्पा गुरुजी पान जमवत बसले होते.

“गुरुजी, अडतीस नावं अन् तेवीसच पोरं आहेत.”

“बरं मग?”

“मग पंधरा गैरहजर लावू ना?”

गुरुजींनी पानाच्या शिरा काढल्या, चुना लावला. “पंचशीलाबाई, तुमी शिकून आलाव, मी काय सांगावं? पन हजेरी घसरली की शाळेतला दुसरा मास्तर उचलून न्हेत्यात. मंग चार वर्ग मी एकटा हाकू का? हजेरी घ्यायची आसती. डोकी मोजायची न्हाईत.”

तिने कार्यालयातल्या माठातलं पाणी घ्यायला हात पुढे केला, तर गुरुजीच लगबगीने उठले आणि, “थांबा, मी देतो,” म्हणून वरून तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. तिचा पेला टेबलावरच होता. तो त्यांना दिसला नाही. एवढी दोन वर्षं लातुरात राहून तिची या गोष्टीची सवय मोडली होती, ती पुन्हा लावून घ्यायची वेळ आली.

घरी पारूबाई बाजेवर पाय पसरून बसली होती. दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी तळ्यावर दगड घसरून पाऊल चेचलं होतं. अहमदपूरच्या दवाखान्यात पट्टी केली, पण सूज उतरत नव्हती. पंचशीलाने हळद गरम करून लावली, आणि लावता लावता दिवसभराचं सगळं ओकली.

“वरडतीस कामून?” पारूबाई म्हणाली. “मुकादम कदी वरडतंय का? बसल्या जागी दीडशे मानूस हाकतंय.”

“कसं गं?”

“जोड्या लावतंय. एक भरनारी, एक वाहनारी. वाहनारी आली न्हाई तर भरनारीला इचारतंय, तुजी जोडीदारीन कुठं? तिनं सांगितल्याबिगर तिला बी कामाला लावत न्हाई. मंग भरनारीच सकाळी हिच्या दारात जाऊन तिला उठवून आनती. मुकादमाला काय करावंच लागत न्हाई.”

पंचशीला हसली. दोन वर्षांत बालमानसशास्त्राच्या वहीत तिने असं काही उतरवून घेतलं नव्हतं. कोपऱ्यात ज्वारीचं गाठोडं होतं, त्यातली ज्वारी काढून तिने दळायला घेतली. माय कामावर नसताना हे धान्य कसं येतं असं तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं. पाय कामावर मोडला म्हणून सरकार अर्धी हजेरी देतंय, असं मायने सांगितलं होतं. सरकार असं काहीतरी देतं हे पंचशीलानेही कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे तिला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गाच्या जोड्या लावल्या. पटावरच्या अडतीस नावांच्या एकोणीस जोड्या, हजर असो नसो. पोरीला पोरगी, पोराला पोरगा. “आजपासून हजेरीला ज्याचं नाव त्यानेच बोलायचं. जोडीदार आला नसेल तर दुसऱ्याने उभं राहायचं आणि तो कुठे आहे ते खरं सांगायचं. सांगेपर्यंत खाली बसायचं नाही. मी विसरले तरी बसायचं नाही.”

पोरांना हे एकदम कळलं. कळणारच, त्यांच्या ओळखीचंच होतं. नावं घेतली तसे एकेक उभे राहू लागले. “तळ्यावर, बाई.” “भनीला सांबाळायला राहिला, बाई.” “लोह्याच्या बाजाराला शेळी इकायला गेलंय.” नरसिंगचा जोडीदार आला नव्हता, तर दुसऱ्या दिवशी नरसिंग त्याला बखोटीला धरून घेऊन आला आणि मुकादमाच्या रुबाबात म्हणाला, “हे घ्या बाई, माजं मानूस.”

चार दिवसांत वर्गाचा नूर पालटला. जोडीदाराची वही जोडीदार तपासू लागला, झोपणाऱ्याला जोडीदारच कोपराने ढोसू लागला. पंचशीला फळ्याकडे पाठ करून पुरा नकाशा काढू शकली. तरीही दहा पोरं तळ्यावर अडकली होतीच. पोरं म्हणत, घरचे सोडत नाहीत. म्हणून ती एका संध्याकाळी पारावर मुकादम शेषेरावला गाठायला गेली.

शेषेराव उघड्या डोक्याने बसून तंबाखू मळत होता. तिला बघून जागचा हलला नाही, पण आवाज गोड केला. “काय म्हनता बाई?”

“तळ्यावर लेकरं कामाला आहेत. सोमवारी ती शाळेत दिसली नाहीत तर मी तहसीलला अर्ज लिहीन.”

“लिव्हा की. लिव्हायचंच शिकून आलाव तुमी.” त्याने तंबाखूवर थाप मारली. “सगळी काडू, का एखादं ठिवू?”

“सगळी.”

“बगा बरं. सगळी म्हनलाव. ध्यानात ठिवा.”

पंचशीलाला वाटलं, घाबरला. तिच्या चालीत घरी जाताना थोडा तोरा आला, आणि तो यावा इतकी ती लहान होतीच.

सोमवारी नऊ पोरं आली. आली ती रुसून, पण आली. पटावरच्या अडतिसांत सदतीस डोकी भरली आणि सिद्रामप्पा गुरुजी दारातून डोकावून, “आरं तिच्या,” एवढंच म्हणून गेले.

राहिली ती एक सिंधु. साखराबाईची पोर, चौथीत, अकरा वर्षांची, वर्गात सगळ्यात हुशार. दिवाळीआधीच्या चाचणीचे तिचे पेपर पंचशीलाने कपाटात बघितले होते. अक्षर मोत्यासारखं. तिची जोडीदारीण धुरपता, वाळकी, डोळे मोठे, बोलायला लाजणारी. सोमवारपासून रोज सिंधुचं नाव आलं की धुरपता उभी राही.

“सिंधु कुठे आहे?”

धुरपता खाली बघे. मागून कुणीतरी खिदळे, कुणीतरी त्याला चिमटा काढी. धुरपता दुपारपर्यंत उभी राहायची, मग पंचशीलालाच दया येऊन ती म्हणायची, “बस. उद्या विचारून ये.” तीन दिवस हेच. शुक्रवारी अण्णाराव सर येणार. सदतीस हजर आणि एक गैरहजर असती तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण पंचशीलाला आता पुरे अडतीस हवे होते. माणसाला यश आलं की त्याची हाव वाढते, आणि ही हाव तर चांगल्या कामाची होती, म्हणजे ती ओळखूही येत नाही.

गुरुवारी सकाळी शाळेच्या आधी ती तळ्याच्या वाटेला लागली.

थंडी होती, आणि फुफाटा असा की पाय घोट्यापर्यंत बुडत होते. बायका चुंबळी वळत, हाताला फडकी गुंडाळत उभ्या होत्या. पंचशीलाला बघून त्यांची बोलणी थांबली. शेषेराव दगडावर बसून मस्टर उघडत होता. मस्टरच्या माथ्यावर छापलेलं उस्मानाबाद शाईने खोडून लातूर लिहिलेलं. त्याने तिच्याकडे एकदा बघितलं, रामराम केला नाही, आणि नावं पुकारायला लागला.

“साखराबाई सटवाजी.”

“हजर.”

“पारूबाई लिंबाजी.”

मायचं नाव ऐकून पंचशीलाला आधी बरंच वाटलं. अर्धी हजेरी मिळते तर नाव पुकारणारच.

“हजर,” असं बायकांच्या मागून बारीक आवाजात आलं.

ती वळली. साखराबाईच्या मागे एक पोर उभी होती. आईचं जुनं लुगडं दुहेरी करून नेसलेलं, डोक्यावरून पदर घेतलेला, पायात बापाच्या वहाणा दोरीने बांधलेल्या. सिंधुने बाईंना बघितलं आणि शाळेतल्या सवयीने हात जोडले. जोडलेल्या हातांची बोटं मिटत नव्हती.

“मुकादम!” पंचशीलाचा आवाज फाटला. “सगळी लेकरं काढा म्हणाले होते ना?”

“लेकरू एक बी न्हाई, बाई.” शेषेरावने मस्टर तिच्यापुढे धरलं. “हे बगा. पारूबाई लिंबाजी, वय चाळीस. तुमीच बगा तुमच्या मायचं नाव. खोडू का? तुमी म्हना, आत्ता खोडतो.”

त्याने पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघत राहिला. दीडशे माणूस वाट बघत राहिलं.

साखराबाई पुढे आली आणि पंचशीलाला दंडाला धरून बाजूला घेऊन गेली. या घरची बारा एकर काळी जमीन. पारूबाईने आयुष्यभर त्यांचं शेत खुरपलं होतं आणि त्यांच्या ओट्याखाली बसून पदरात वरून टाकलेली भाकरी घेतली होती. आता ती जमीन हात जाईल एवढी भेगाळली होती, आणि सटवाजी जनावरं जगवायला गोदावरीकडे गेला होता.

“हळू बोल माय, पाया पडते,” साखराबाई म्हणाली. “तुज्या मायनंच सांगावा धाडला. नाव तिचं, पोर माजी. दानं येत्याल ती निम्मी निम्मी. आमच्या घरची पोर तुज्या मायच्या नावाला हजर म्हनती रोज, मला काय ग्वाड वाटतंय? नवरा आला तर मला उभी चिरंल. पन मला एकटीला किती वाहवतंय?”

“काकू, ती वर्गात पहिली येते.”

“ठावं हाय मला.”

मागून एक बाई कुदळ टेकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “न्हे की हिला बी. आमची लेकरं न्हेलीस तवा आमाला इचारलंवतंस का? आमचं घमेलं अर्ध्यावर आलं. आता तुज्या घरचं बी येऊ दे.”

पंचशीलाला ‘खोडा’ म्हणता येत होतं. एकच शब्द होता. तो तोंडात आला आणि तिथेच राहिला. ती वळली आणि चालायला लागली. तिच्या मागे शेषेरावने टोपण लावलं आणि पुढचं नाव पुकारलं.

शाळेला जायच्या आधी ती घरी गेली.

“मला खोटं सांगितलंस.”

पारूबाईने काय झालं ते विचारलं नाही. पायाकडे बघत म्हणाली, “मंग काय खरं सांगू? लातूरला तुजा डबा कशावर चालतो? ह्या पायावर?”

“तू म्हणालीस सरकार देतंय.”

“तुला ते ऐकून बरं वाटलं, पंचे. म्हनून तू दुसऱ्यांदा इचारलं न्हाईस.” पारूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. “काढ नाव. तू काढ म्हन, मी काढते. पन मंग उद्यापासून पुस्तकं गुंडाळ अन् माजी चुंबळ तू घे. घेतीस का?”

पंचशीला शाळेला निघाली. तिला मायचा राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण बाप आठवण्याआधी तिला लातूरच्या खोलीतली आपली ट्रंक आठवली होती.

शुक्रवारी अण्णाराव सर अहमदपूरच्या एस.टी.ने आले, धोतराला फुफाटा लागलेला, बगलेत कागदांची फाईल. मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसले. सिद्रामप्पा गुरुजी दाराशी. पाठ होता ‘आपला जिल्हा’. नव्या जिल्ह्याचा छापील नकाशा अजून कुठल्याच शाळेत पोचला नव्हता, म्हणून तिने खाकी कागदावर रंगवून आणला होता. पण आधी हजेरी.

नाव घ्यायची, पोर उठायचं, ‘हजर बाई’ म्हणायचं, बसायचं. एकही आवाज वाकडा नाही. सरांनी मान डोलावलेली तिने पाहिली.

“सिंधु सटवाजी.”

धुरपता उभी राहिली. आज ती खाली बघत नव्हती. काल सगळं गाव तळ्यावर होतं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, आणि बाईंना स्वतःलाच माहीत आहे, मग सांगायला काय हरकत, असं तिच्या मोठ्या डोळ्यांत स्पष्ट होतं. इतके दिवस उभं राहून ती आज पहिल्यांदा तोंड उघडत होती.

“बाई, सिंधु तळ्यावर, तुमच्या...”

“हजर,” पंचशीला म्हणाली.

ती स्वतःच म्हणाली. सिंधुच्या नावापुढे तिने खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. पुढचा पोरगा नरसिंग होता. तिच्याकडे बघत राहिला, मग अगदी हळू, अगदी नीट म्हणाला, “हजर, बाई.”

त्यानंतर वर्ग असा गप्प झाला की खाकी कागद उलगडल्याचा आवाज मोठा वाटला. तिने नद्या दाखवल्या, तालुके दाखवले. विचारलं की उत्तर यायचं, बोलावलं की पोर फळ्याकडे यायचं. कुणी हसलं नाही, कुणी कुणाला ढोसलं नाही. तिच्या सगळ्या तीन आठवड्यांत इतका शांत वर्ग तिने पाहिला नव्हता, आणि त्यातलं एक एक तोंड तिला नको झालं होतं.

पाठ संपता संपता सरांनी मागून विचारलं, “ती मुलगी मघापासून उभी का?”

पंचशीलाने धुरपताकडे बघितलं. मग सरांकडे. “खोड्या काढते सर. शिक्षा केलीय.”

“छान. लक्ष आहे,” सर म्हणाले. कागदावर त्यांनी वर्गनियंत्रणापुढे नऊ लिहिले, खाली शेरा मारला, ‘नैसर्गिक शिस्त, विद्यार्थी शिक्षिकेच्या नजरेत’, आणि गुरुजींबरोबर चहाला गेले. जाताना गुरुजी तिच्याजवळ थांबले. “शिकलाव बाई,” म्हणाले. चेष्टा नव्हती ती, कौतुकच होतं.

घंटा झाली. पोरं एकेक करून बाहेर गेली, जोडीजोडीने. धुरपता जागची हलली नाही.

“बस की गं,” पंचशीला म्हणाली. “नाहीतर जा घरी. सुटली शाळा.”

“जोडीदारीन कुठं हाय ते सांगितल्याबिगर बसायचं न्हाई, म्हनलावता.”

पंचशीलाने हजेरीपट मिटला. “मग सांग. सांग आता.”

धुरपताने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि मग बाईंकडे.

“आता काय सांगू, बाई? हजर हाय की ती. तुमीच लिव्हलाव.”

एवढं बोलून ती खाली बसली, सिंधुच्या जागेवर हात ठेवून.